गुडघे माझे, बोटं तिची

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक संधिवात दिनाच्या, म्हणजे १२ ऑक्टोबरच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत संधिवातावरच्या दहा नैसर्गिक उपायांचा लेख आला. आमच्याकडे पुरवणी मी मोठ्याने वाचतो आणि आमची मंडळी शेजारी खुर्चीत बसून काहीतरी निवडत-सोलत ऐकते. हळदीचं दूध झालं, मेथीचे लाडू झाले, तिळाच्या तेलाची मालिश झाली, एरंडाचं पान झालं. पाचव्या उपायाला तिने हातातली लसणाची पाकळी ताटलीत टाकली आणि म्हणाली, "अहो, हे सगळं केलंय की आपण. तरी माझी बोटं वाकडी झालीच ना?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर त्या लेखात नव्हतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे. कापायचं झालंच तर माझ्या गुडघ्यांचा भाग कापा, तिच्या बोटांचा कापू नका.

मी एसटीतला निवृत्त वाहक. १९८३ ला लागलो, २०१४ ला सुटलो. त्यातली बरीच वर्षं सोलापूर-पुणे मार्गावर काढली. वाहकाची नोकरी बसून करायची असते असा प्रवाशांचा समज असतो, कारण त्याच्यासाठी पुढे एक सीट राखीव असते. त्या सीटवर टेकायला मिळतं ते गाडी निम्मी रिकामी असेल तेव्हा. एरवी पाय फाकवून, पाठ कोणाच्या तरी सीटच्या दांडीला लावून उभं राहायचं, एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात चिमटा, सुटे पैसे बोटांच्या बेचक्यात. धरायला हात शिल्लकच नाही, म्हणून खड्ड्यातला प्रत्येक हिसका गुडघ्यांनी झेलायचा. इतक्या वर्षांचा हा हिशोब २०११ च्या सुमाराला गुडघ्यांनी मागायला सुरुवात केली. चढताना फारसं नाही, पण गाडीतून उतरताना कळ यायची. जिना उतरताना आतून कटकट आवाज यायचा. सकाळी उठल्यावर पाचदहा मिनिटं आखडलेलं असायचं, मग चालता चालता मोकळं व्हायचं आणि संध्याकाळी ड्यूटी संपली की पुन्हा ठणकायचं.

घरगुती उपायांत मी मोठाच झालोय, त्यामुळे आधी तेच केले. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांभोवती बिब्ब्याचे काळे ठिपके होते. तिच्या लहानपणी कोणीतरी दिले होते आणि एक बिब्बा उतून महिनाभर जखम वाहत होती, हे ती हसत सांगायची. ते मी टाळलं. निर्गुडीचा पाला आणला, उकळला, त्या पाण्याचा शेक घेतला. बरं वाटायचं. रुईची पानं तेल लावून तव्यावर गरम करून बांधली, त्यानेही बरं वाटायचं. पण पान तोडताना रुईचा चीक डोळ्यात जाता जाता वाचलो, आणि तो चीक डोळ्याला फार वाईट. हळदीचं दूध वर्षभर प्यालो.

हळदीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद साठवतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा डेपोत पेढे वाटावेत असं मला वाटलं होतं. त्यामुळे फिजिओथेरपीच्या बाईंनी जेव्हा सांगितलं की सूज कमी करणारं म्हणून ज्या कर्क्युमिनचं नाव घेतात ते हळदीत शेकडा तीनच्या आसपास असतं आणि पोटातून रक्तात फारसं उतरत नाही, तेव्हा मला घरच्या माणसाची निंदा ऐकल्यासारखं वाटलं. मिरपूड घातली तर जास्त उतरतं, असंही त्या म्हणाल्या. पण भाजीत, दुधात चमचाभर घालणं वेगळं आणि बाजारात मिळणाऱ्या जहाल अर्काच्या कॅप्सूल रोज घेणं वेगळं. अशा कॅप्सूलनी काही लोकांच्या यकृताला त्रास झालेला आहे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्याने तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. हळद मी अजून पितो. गुडघ्यासाठी नाही, झोप चांगली लागते म्हणून.

गुडघ्याला खरा आराम पडला तो ज्या गोष्टींनी, त्या इतक्या साध्या आहेत की तुमच्या लेखात त्यांना दहात जागा मिळाली नाही.

पहिलं वजन. निवृत्तीच्या वेळी मी ८४ किलो होतो. बाईंनी सांगितलं, अंगावरचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. मी चौदा महिन्यांत नऊ किलो उतरवलं. रात्रीची एक भाकरी कमी केली, चहा बिनसाखरेचा केला आणि शेंगदाण्याची चटणी चमच्याने घ्यायला लागलो. चटणीचा भाग सर्वांत अवघड गेला, कारण आम्ही सोलापूरचे. आता हिशोब करा, नऊ चोक छत्तीस. एखादा प्रवासी छत्तीस किलोचं पोतं घेऊन गाडीत चढला असता तर मी त्याला लगेजचं तिकीट लावल्याशिवाय दुहेरी घंटी दिली नसती. आणि मी स्वतः ते पोतं दर पावलाला फुकट वाहत होतो.

दुसरं मांडीचे स्नायू. बाईंनी माझ्या मांडीवर थाप मारून विचारलं होतं, "एवढं चालता, उभे राहता, मग ही अशी सैल कशी?" गुडघा दुखतो म्हणून माणूस पाय जपतो, पाय जपल्यावर मांडी सैल पडते, मांडी सैल पडली की सगळा हिसका हाडावर जातो. व्यायाम असा : पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. मग पडून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, आधी पाच वेळा, पुढे वाढवत. पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही आणि मी मनातल्या मनात बाईंना नावं ठेवली. दुसऱ्या महिन्यात एक दिवस जिना उतरून खाली आलो आणि शेवटच्या पायरीवर आठवलं की आपण कठडा धरलाच नव्हता.

तिसरी गोष्ट मी नोकरीतच शिकायला हवी होती. एसटीची पायरी उंच असते. गुडघेदुखीवाला प्रवासी मला दहा फुटांवरून ओळखू यायचा, पण त्याला काय सांगायचं ते माहीत नव्हतं. आता सांगतो : चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. काठी घ्यायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीने काही होत नाही म्हणतात. खाली मांडी घालून, उकिडवं बसणं सोडलं. पंगतीत मला टेबल लावतात तेव्हा अजून लाज वाटते, पण बसतो. संडासात खुर्चीचं भांडं बसवलं, तेव्हा आमच्या थोरल्याने विचारलं होतं, "बाबा, इतका खर्च?" त्याला म्हटलं, तुझ्याही गुडघ्यांची वेळ येईल तेव्हा नवं भांडं घ्यावं लागणार नाही.

माझं हे असं बरं चाललं. आणि इथेच आमचा घात झाला.

आमची मंडळी लग्नाआधीपासून बिड्या वळायची. सोलापुरात ज्यांच्या घरी बिड्या वळल्या जातात त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी : पान भिजवायचं, कातरीने मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. सगळा खेळ बोटांच्या पेरांचा. हजाराच्या हिशोबाने मजुरी, आणि कारखान्यात नेऊन दिल्यावर छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, निघायची ती वेगळी. २०१६ च्या पावसाळ्यात तिची छाट वाढायला लागली. दोरा आवळला जाईना. सकाळी उठली की मूठ वळायची नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसायची, नऊ-साडेनऊ वाजले की कातरी धरता यायची. पंजा जिथे बोटांना जुळतो तिथे दोन्ही हातांना सारखीच सूज. अंगात कणकण, जेवण कमी झालेलं.

सगळ्यांनी एकच सांगितलं, इतकी वर्षं बिड्या वळल्या, झिजणारच. मीही तेच म्हटलं. आणि मी तर तज्ज्ञ झालेलो होतो ना! माझे गुडघे घरच्या उपायांनी सुधारले, मग तिची बोटं का नाही सुधारणार? मी रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून तिची बोटं चोळून द्यायचो, चांगली जोर लावून. सुजलेल्या, गरम लागणाऱ्या सांध्यांवर. ती दात आवळून बसायची, कारण नवरा सेवा करतोय तर नाही कसं म्हणायचं. हळद, मेथी, डिंकाचे लाडू, जवसाची चटणी, सगळं झालं. आठ महिने असे गेले.

मग एका जुन्या चालक मित्राने पुडीवाल्याचं नाव सांगितलं. एका तालुक्याच्या आठवडी बाजारात तो बसायचा. समोर मुळ्या, साली, एक-दोन बाटल्या आणि करड्या पावडरीच्या पुड्या. शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य, महिन्याचे सहाशे रुपये. पुडीवर छापील अक्षर एक नाही. चौथ्या दिवशी मंडळीने पहाटे उठून स्वतः भाकऱ्या थापल्या आणि त्या दिवशी आठशे बिड्या वळल्या. मी त्या माणसाला मनापासून दुवा दिला. सहा जणांना त्याचा पत्ता सांगितला, आणि हे लिहिताना आज मला सर्वांत जास्त तेच टोचतंय.

तीन-चार महिन्यांत तिचे गाल भरले, चेहरा चांदीच्या ताटासारखा गोल झाला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. मग साखर तपासली तर उपाशीपोटी दोनशेच्या वर, जी आधी कधीच नव्हती. पाचव्या महिन्यात पुडीवाला सलग दोन बाजार आलाच नाही. पुडी संपली, आणि चार दिवसांत तिला उठवेना. उलट्या, चक्कर, आणि सांधे पहिल्यापेक्षा दुप्पट सुजलेले. दवाखान्यात डॉक्टरांनी चेहरा पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली पुडी चालू होती?" लक्षणांवरून त्यांचं म्हणणं पडलं की पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असणार. शरीराला त्याची सवय लागली की ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. म्हणून त्यांनी मोजून गोळी सुरू केली आणि आठवड्या-आठवड्याने कमी करत आणली. ज्या कोणाच्या घरी अशी बिननावाची पुडी चालू असेल त्यांनी हे वाचून ती रागाने कचऱ्यात टाकू नये. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावं आणि ती कशी बंद करायची ते विचारावं.

पुढे पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हातांचे एक्स-रे झाले. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. माझा गुडघा म्हणजे घासलेला टायर. तिच्या सांध्यात घासण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या शरीरातली संरक्षण करणारी फौजच चुकून स्वतःच्या सांध्याच्या अस्तरावर चालून गेली होती. याला र्‍हुमॅटॉइड म्हणतात. बायकांत पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट. सूज आतल्या आत हाड कुरतडते, आणि हे नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच बरंच होऊन जातं. आम्ही नेमकी तीच वर्षं लाडूत आणि पुडीत घालवली होती. उजव्या हाताची दोन बोटं करंगळीच्या दिशेने कलली ती कललीच.

तिला मेथोट्रेक्सेट, म्हणजे त्या चुकलेल्या फौजेला आवरणारं औषध, सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर विष आहे, हे डॉक्टरांनी दोनदा, औषधवाल्याने एकदा आणि मी घरी रोज सांगितलं. तिचा वार रविवार. वाहकाची सवय, फेरीच्या तिकिटांचं वेबिल भरायचो तशी मी कॅलेंडरवर नोंद ठेवतो : गोळी, सही, तारीख. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. ठरलेल्या महिन्यांनी रक्त आणि यकृताची तपासणी, त्यासाठी पुण्याची फेरी. तिलाही अर्धं तिकीट, मलाही अर्धं तिकीट, सरकारचे आभार. अडीच-तीन महिन्यांनी सूज ओसरायला लागली. आता सकाळचं आखडणं पंधरा मिनिटांवर आलंय. बिड्या सुटल्या, पण लसूण सोलते.

मी आयुर्वेदाच्या विरोधात लिहितोय असं कोणाला वाटेल, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. गोळ्या सुरू झाल्यावर आम्ही एका जाणत्या वैद्यांकडेही गेलो. त्यांनी आधी सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, "ही गोळी माझ्या सांगण्याने बंद करायची नाही." मग तिची बोटं हातात घेऊन मला विचारलं, "यावर तेल कोणी चोळलं?" मी गप्प. म्हणाले, "गुडघा झिजतो तो संधिगत वात. हिचा हा आमवात. पायाच्या अंगठ्याला रात्रीतून सूज येते ते वातरक्त. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे, हजार वर्षांपेक्षा जास्त झाली त्याला. आणि सूज तापलेली असताना आमवातात तेल लावायचं नाही, कोरड्या वाळूच्या पोटलीचा शेक द्यायचा, हलकं जेवायचं, हे जुने लोक सांगून गेलेत." त्यांनी सुंठ दिली, वाळूची पोटली सांगितली, आणि दुकानातून महायोगराज गुग्गुळ आपल्या मनाने आणून खायचा नाही, त्यात धातूंची भस्मं असतात, अशी ताकीद दिली.

म्हणजे संपादक महाराज, जी गोष्ट हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाने वेगळी काढून ठेवली, ती तुमच्या लेखाने 'संधिवात' या एका पोत्यात पुन्हा भरली. नैसर्गिक उपायांचा लेख आणि त्यात निसर्गाच्या शास्त्राचाच पहिला प्रश्न नाही. वातरक्ताचं म्हणाल तर आमच्या डेपोतल्या एका चालकाला रात्री दोनला अंगठा असा दुखायचा की पांघरुणाचा स्पर्श सहन व्हायचा नाही. त्याला युरिक ॲसिडचं औषध लागलं. त्यानेही आधी दोन वर्षं मेथ्याच खाल्ल्या होत्या.

मग लोकांना वाटतं की उपाय लागू पडतात, ते का? २००६ ची चिकुनगुनियाची साथ आठवा. आमच्या डेपोत ड्यूटीला माणसं कमी पडली होती, जी आली ती वाकून चालत होती. (हा रोग आपल्या जिल्ह्याला नवा नाही, १९७३ मध्ये बार्शीला येऊन गेला होता.) ताप गेला तरी सांधे राहिले, कोणाचे चार आठवडे, कोणाचे सहा महिने. मग बहुतेकांचे आपोआप कमी होत गेले. ज्याचं दुखणं जायच्या वेळी जे तोंडात होतं, त्याला श्रेय मिळालं. कोणी गुळवेल सांगतो, कोणी कोंबडीचा रस्सा, कोणी ताईत. आणि ज्यांचे सांधे गेले नाहीत ते सांगायला चौकात येत नाहीत.

माझ्या मार्गावरचंच एक उदाहरण देतो. भिगवण म्हटलं की हल्ली लोकांना उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो आठवतात. त्याच भिगवणमध्ये १९९६ पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेला तो 'कॉपकॉर्ड' नावाचा कार्यक्रम होता. मी तेव्हा एक दिवसाआड त्या थांब्यावरून जात होतो, गावात डॉक्टर फिरतात एवढंच कानावर आलेलं. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं. त्यातलं बहुतेक दुखणं कष्टाचं, ताणाचं, झिजेचं. आमच्या मंडळीसारखा र्‍हुमॅटॉइड दोनशे माणसांत एखाद्याला. म्हणून तुमचा लेख वाचणाऱ्या बहुतेकांचं काही बिघडणार नाही, हे मला मान्य आहे. पण तुमचा खप बघता तो दोनशेतला एक म्हणजे किती घरं होतात, हे मोजायला कंडक्टरची गरज नाही.

याच डॉ. चोप्रांच्या गटाने २०१३ मध्ये गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधांची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी, गुग्गुळ. ४४० रुग्ण, सहा महिने, रुग्णाला आणि तपासणाऱ्याला दोघांनाही कोणाला काय दिलंय ते माहीत नाही. आराम नेहमीच्या ॲलोपॅथी गोळीइतकाच मिळाला. माझ्या नातीने हे वाचून दाखवलं तेव्हा मी अभिमानाने मंडळीकडे पाहिलं. मग नातीने पुढचं वाक्य वाचलं : काही जणांच्या यकृताच्या तपासणीतले आकडे वाढले, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. मला हे दोन्ही पटतं. ज्या औषधात काम करण्याची ताकद आहे त्यात बिघडवण्याचीही असणार. 'साइड इफेक्ट शून्य' म्हणणाऱ्या माणसाच्या पुडीत एक तर काहीच नसतं, नाहीतर नको ते असतं.

तेव्हा पुढच्या वर्षी १२ ऑक्टोबरला असा लेख छापाल, तेव्हा दहा उपायांच्या आधी चार ओळी छापा. सकाळचं आखडणं अर्ध्या तासाहून जास्त टिकतं का? दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सारखीच सूज आहे का? सांधा हाताला गरम लागतो का? हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय का? यातलं 'हो' असेल त्याने मेथी खाताखाता का होईना, डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासावं. एकच सांधा अचानक लालबुंद सुजून ताप आला तर त्याच दिवशी जावं, कारण ते सांध्यात पू झाल्याचं लक्षण असू शकतं. आणि शेकाच्या उपायाला एक शेपूट जोडा : तापलेल्या सुजेला गरम शेक नको, थंड पट्टी ठेवा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याने गरम पाण्याची पिशवी लावायची तर दुसऱ्याने आधी हात लावून बघावा. आमच्या गल्लीत एकाच्या नडगीला त्या पिशवीने फोड आलेत.

आता शेवटचं. त्याच पानावर, लेखाच्या खाली चिकटून, सांधेदुखी 'मुळासकट' घालवणाऱ्या तेलाची पाव पानी जाहिरात होती. १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. काही आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना त्याने बंदी घातली आहे आणि त्या आजारांच्या यादीत संधिवात येतो. मी काही वकील नाही, नातीने शोधून दिलं. पण ज्या पेपरात आमच्या एसटीचे टायर गुळगुळीत असल्याचे फोटो पहिल्या पानावर येतात, त्या पेपरने स्वतःच्या आठव्या पानावरचा माल एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे? आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि आतल्या घटकांची यादी असावीच लागते. जाहिरात घेताना तुमच्या माणसाने डबा उलटा करून एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

त्या जुन्या पुड्यांतली एक माझ्याकडे अजून आहे, तिकिटांच्या जुन्या ट्रेमध्ये ठेवलेली. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्जासोबत द्यायची म्हणून ठेवली होती, नंतर मंडळीच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत राहून गेलं. या आठवड्यात नेऊन देतोय. आपला कोणी वार्ताहर सोबत येणार असेल तर कळवा. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक
सोलापूर